सक्तीचं परदेशी पोस्टिंग आणि सिक लीव्ह: पत्रात नक्की काय बघायचं?

राइट_सीट

नमस्कार मंडळी. ए३२० वर को-पायलट, बेस मुंबई. कंपनी काही विमानं क्रूसकट एका परदेशी एअरलाइनला भाड्याने देते आहे. आधी स्वेच्छेने नावं मागवली, पुरेशी आली नाहीत, म्हणून आता सीनिऑरिटी लिस्टच्या खालच्या टोकापासून पत्रं सुटली आहेत. मजकुराचा गोषवारा असा: ऑपरेशनल गरजेनुसार ९० दिवसांची तात्पुरती नेमणूक, गरज पडल्यास मुदतवाढ, आणि या काळात सिक लीव्ह घ्यायची तर कंपनीच्या डॉक्टरांची पूर्वपरवानगी.

तीन प्रश्न आहेत. नाही म्हणता येतं का? तिथे खरंच आजारी पडलं तर काय? आणि तिसरा, जो व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या सर्वांत लोकप्रिय आहे: "निघायच्या आदल्या दिवशी सिक टाक, विषय संपला." खरंच संपतो का?

युनियन जिंदाबादछाप उत्तरं नकोत, ती ग्रुपवर भरपूर मिळतात.

---

चार_पट्ट्या

सगळ्यात आधी एकच गोष्ट शोध: विमान कोणाच्या एओसीवर (एअरलाइन चालवण्याच्या परवान्यावर) उडणार आहे? बाकी सगळं त्यावरून ठरतं.

वेट किंवा डॅम्प लीज (क्रूसकट भाडं) असेल तर विमान, वैमानिक, एओसी आपल्याच कंपनीचं राहतं. डॅम्पमध्ये केबिन क्रू पूर्ण किंवा काही प्रमाणात समोरच्याचा असतो. इंडिगोने नॉर्वेच्या नॉर्स एअरलाइनची ७८७ विमानं घेऊन मुंबई-मँचेस्टर, मुंबई-ॲमस्टरडॅम सुरू केलं, तो याचाच उलटा नमुना: तिकीट इंडिगोचं, कॉकपिटमध्ये नॉर्सचे वैमानिक. अशा व्यवस्थेत तुझं लायसन्स भारतीय, विमान व्हीटी (म्हणजे भारतीय) नोंदणीचं आणि एफडीटीएल, म्हणजे उड्डाण-ड्युटीच्या तासांचे नियम, आपल्या डीजीसीएचेच (विमान वाहतूक महासंचालनालय). समोरची एअरलाइन "आमच्याकडे दहा तासांची विश्रांती चालते" म्हणाली तरी ते तुला लागू नाही.

ड्राय लीज (नुसतं विमान भाड्याने) असेल तर गोष्टच वेगळी. विमान त्यांच्या एओसीवर जातं, बहुधा नोंदणीही बदलते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं ३२वं कलम सांगतं की ज्या देशात विमानाची नोंदणी, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स हवं. म्हणजे तुझ्या लायसन्सला त्यांचं व्हॅलिडेशन (मान्यता) लागणार, एफडीटीएल त्यांचं लागणार, आणि मग "तात्पुरती नेमणूक" हा शब्द चुकीचा ठरतो. प्रत्यक्षात तुला दुसऱ्या कंपनीत पाठवताहेत. मध्ये त्याच कराराच्या ८३ बिस कलमाखाली दोन देशांचा करार असेल तर काही अधिकार इकडून तिकडे सरकतात, तेही विचारून घे.

दुसरी गोष्ट, पत्रात 'होम बेस' हा शब्द कुठे आहे ते बघ. होम बेस म्हणजे ऑपरेटरने नेमून दिलेली अशी जागा जिथून तुझी ड्युटी नेहमी सुरू होते आणि संपते, आणि जिथे तुझ्या राहण्याची जबाबदारी कंपनीवर नसते. ९० दिवसांसाठी होम बेसच तिकडे हलवला असेल तर हॉटेल, जेवणभत्ता, पोझिशनिंग (कामासाठी प्रवासी म्हणून नेणं) या सगळ्यावर पाणी. होम बेस मुंबईच ठेवून तुला बाहेर ठेवलं असेल तर मुंबईहून तिकडे प्रवासी म्हणून नेणं ही ड्युटी धरली जाते. त्याच दिवशी पुढे फ्लाइट करायला लावली तर पोझिशनिंगचा वेळ एफडीपीतही (उड्डाण-ड्युटीच्या कालावधीतही) मोजला जातो, फक्त सेक्टर (एक उड्डाण) म्हणून मोजत नाहीत. रात्री अडीचच्या विमानाने नेऊन सकाळी आठला रिपोर्टिंग देणारं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) इथेच अडकतं.

विश्रांतीचे आकडे पाठ असू देत: आधीच्या ड्युटीइतकी किंवा १२ तास, यातलं जे जास्त ते. तीन कालविभाग ओलांडले तर हे १२ चे १४ होतात, सात ओलांडले तर ३६. आखातात गेलास तर दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासच मागे, इस्तंबूलचं अडीच. म्हणजे १२ च. साप्ताहिक विश्रांती ४८ तासांची, त्यात दोन स्थानिक रात्री, आणि एक संपून दुसरी सुरू होईपर्यंत १६८ तासांहून जास्त अंतर नको. ही ४८ तासांची विश्रांती तिथल्या हॉटेलातच देणार की मुंबईला आणणार, हे पत्रात नसेल तर हॉटेलातच देणार असं समजून चाल.

---

रोस्टरवाला

क्रू कंट्रोलच्या (क्रूच्या ड्युट्या लावणाऱ्या विभागाच्या) बाजूने लिहितो. शिव्या नंतर द्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, विषय तिथे सुरू होतो. सिक कॉल आला की सिस्टिममध्ये तीन वेळा नोंदवल्या जातात: रोस्टर कधी जाहीर झालं, तुम्ही ते कधी पाहिल्याची पोच दिली, आणि कॉल कधी आला. नेमणुकीचं पत्र मिळाल्यावर आलेला सिक कॉल आपोआप वेगळ्या रंगात दिसतो, त्यासाठी कोणी तुमच्या मागे हेर लावत नाही. आणि आदल्या दिवशी वीसपैकी सात जण आजारी पडले तर ते आजारपण राहत नाही, ती फाइल एचआरकडून थेट लीगलकडे जाते.

गैरहजेरी मोजायला बऱ्याच कंपन्या ब्रॅडफर्ड फॅक्टर वापरतात, किंवा त्याचाच एखादा भाऊबंद. सूत्र असं: वर्षभरात किती वेळा आजारी पडलात त्या संख्येचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग १२ दिवस डेंग्यूने झोपलात तर १ गुणिले १२, स्कोअर १२. एकेका दिवसाच्या चार सिक लीव्ह घेतल्यात तर १६ गुणिले ४, म्हणजे ६४. चार दिवसांच्या रजेचा स्कोअर बारा दिवसांच्या पाचपट! म्हणून सर्दी झाल्यावर एक दिवस सिक, मग 'बरं वाटतंय' म्हणून एक फ्लाइट, मग पुन्हा एक दिवस सिक, हा सगळ्यात महाग प्रकार आहे. डॉक्टरने चार दिवस सांगितले तर चारही दिवस एकदम घ्या.

परदेशात असताना कॉल कसा करायचा, तर फोनच करा. ही लाइन रेकॉर्ड होते, आणि ते तुमच्याच फायद्याचं असतं. फक्त व्हॉट्सॲप टाकून झोपू नका. ड्युटी मॅनेजरची शिफ्ट बदलते आणि मेसेज जुन्या माणसाच्या फोनवर राहतो. फोनवर एवढंच बोला: नाव, स्टाफ नंबर, कोणती ड्युटी, "अनफिट फॉर ड्युटी", आणि अंदाजे किती दिवस. आजार काय ते क्रू कंट्रोलला सांगायची गरज नाही, ते मेडिकल विभागाला. मग दोन ओळींचा ईमेल, त्यात फोनची वेळ आणि बोललेल्या माणसाचं नाव. रिपोर्टिंगच्या जितकं आधी तितकं बरं, कारण बाहेरच्या स्टेशनवर स्टँडबाय (राखीव) वैमानिकांची बहुतेक वेळा एकच जोडी असते. ती वापरली गेली की पुढचा माणूस मुंबईहून पोझिशन करून आणावा लागतो, आणि त्याला आणून विश्रांती देईपर्यंत एक फ्लाइट हमखास रद्द.

एक टोचणारी गोष्ट. सिक लीव्ह साप्ताहिक विश्रांती म्हणून धरली जाते का ते तपासा. रजेला साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरू नये असं डीजीसीएने सांगितलं होतं, पण इंडिगोच्या फ्लाइट रद्द होण्याच्या गोंधळात ५ डिसेंबर २०२५ ला ती सूचना मागे घेतली. त्यानंतरची परिपत्रकं आणि तुमच्या कंपनीची मंजूर एफडीटीएल स्कीम, दोन्ही उघडून बघा. नाहीतर तापात काढलेले दोन दिवस रोस्टरवर 'वीकली रेस्ट' म्हणून छापून येतील.

---

कायदेकानू

कामगार कायद्याचं काम करतो. "नाही म्हणता येतं का" याला एका शब्दात उत्तर नाही.

बदली हा नोकरीचाच भाग मानला जातो, बशर्ते नेमणुकीच्या करारात तसं कलम हवं. जवळजवळ प्रत्येक वैमानिकाच्या करारात "भारतात किंवा परदेशात कुठेही" हे शब्द असतात, आणि सही करताना ते कोणी वाचलेले नसतात. ते असतील तर सरळ नकार म्हणजे आदेशभंग. पण त्याच एका ओळीवर कंपनीला सगळं करता येत नाही. एक, दुसऱ्या मालकाकडे पाठवायचं तर कर्मचाऱ्याची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये जेएनयूच्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. वर ड्राय लीजबद्दल जे लिहिलंय ते इथे कामाला येतं. परदेशातली उपकंपनी हीसुद्धा कायद्याने वेगळी कंपनीच. दोन, धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा आहे; जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आकस सिद्ध करायला मात्र पुरावा लागतो: यादी सीनिऑरिटीच्या क्रमाने आहे की मधलीच नावं उचलली आहेत? उचललेली असतील तर ती कोणाची? तीन, रजा आणि भत्ते यांच्या अटी बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस लागते. तुमच्या पत्रातली 'पूर्वपरवानगी' ही रजेच्या अटीतली नवी भर आहे. मला विचाराल तर पूर्ण पत्रातला सगळ्यात कच्चा दुवा तोच.

हे सगळं तुम्ही 'कामगार' ठरलात तर. किंगफिशरच्या वैमानिकांनी थकलेल्या पगारासाठी मुंबईच्या कामगार न्यायालयात धाव घेतली तेव्हा कंपनी म्हणाली लवादाकडे जा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते मान्य केलं नाही. को-पायलटची बाजू इथे बळकट असते. कमांडरच्या बाबतीत कंपन्या 'हा पर्यवेक्षक आहे, कामगार नाही' हा मुद्दा हमखास काढतात.

आता सामूहिक सिक. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक पाच दिवस असेच 'आजारी' पडले. युनियन काढणाऱ्यांना कामावरून काढल्याचं निमित्त होतं. शेवटी तडजोड झाली, काढलेल्यांना परत घेतलं. मे २०१२ मध्ये एअर इंडियात ७८७ च्या ट्रेनिंगवरून सुरुवात सिक रिपोर्टनेच झाली, पण ते प्रकरण ५८ दिवस चाललं. दिल्ली उच्च न्यायालयाचा मनाईहुकूम, शंभरावर बडतर्फ्या, वैमानिकांच्या संघटनेची (गिल्डची) मान्यता गेली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूपैकी २५ जणांना काढलं आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोरच्या बैठकीत परत घेतलं. काही वेळा निभावलं हे खरं, पण निभावलं ते वाटाघाटीमुळे, आजारपणाच्या दाखल्यांमुळे नाही. नव्या संहितेत तर निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तो संपच धरला जातो, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. शब्द 'नैमित्तिक रजा' आहे, 'आजारपणाची रजा' नाही, यावर कोर्टात दोन तास भांडता येईल. पण ग्रुपवरचे तुमचे मेसेज समोर ठेवले की ते भांडण दहा मिनिटांत संपतं.

राजीनामा देऊन सुटू असंही कोणी म्हणेल. डीजीसीएच्या २०१७ च्या सीएआरनुसार (नियमावलीनुसार) नोटीस पीरियड कमांडरला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने, आणि त्या काळात उड्डाण नाकारता येत नाही. ९० दिवसांचं पोस्टिंग त्यात दोनदा बसतं.

---

चार_पट्ट्या

वकीलसाहेब, मुद्देसूद आहे, पण एका गोष्टीवर असहमत. सिक कॉलकडे तुम्ही सगळे संशयानेच बघताय. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा एअरलाइनमध्ये पगाराची हमी महिन्याला ७० तासांवरून ४० वर आणली तेव्हा सिक रिपोर्ट वाढले, रोज पंचवीस-तीस फ्लाइट रद्द झाल्या. सगळे म्हणाले वैमानिक नाटक करतात. पण रोस्टर इतकं ताणलेलं होतं की थोडे लोक खरोखर आजारी पडले तरी तेवढ्याने कोलमडलं असतं. स्टँडबायच ठेवायचे नाहीत आणि मग माणूस आजारी पडला की त्याला गुन्हेगार ठरवायचं?

---

रोस्टरवाला

कॅप्टन, स्टँडबाय कमी असतात हे शंभर टक्के मान्य, आणि ते क्रू कंट्रोल ठरवत नाही, वरचे ठरवतात. पण २ जुलै २०२२ आठवा. इंडिगोची निम्म्याहून अधिक विमानं उशिरा, केबिन क्रू मोठ्या संख्येने आजारी, आणि त्याच दिवशी एअर इंडियाची भरती. त्यानंतर खऱ्या तापाने फणफणलेल्या माणसालासुद्धा "इंटरव्ह्यू कुठे आहे?" असं विचारलं जायचं. खोट्या सिकची किंमत खरा आजारी माणूस मोजतो.

---

कानाचा_डॉक्टर

वैमानिकांच्या वैद्यकीय तपासण्या करतो. पूर्वपरवानगीच्या कलमाबद्दल.

हे कलम वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक आहे. स्वतःची तंदुरुस्ती कमी झाल्याचं जाणवत असताना लायसन्सचे अधिकार वापरू नयेत, हे आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १ मध्ये लिहिलेलं आहे, आणि ते बंधन लायसन्सधारकावर आहे. कंपनीचा डॉक्टर नंतर पडताळणी करू शकतो, कागद मागू शकतो, तपासायला बोलावू शकतो. पण "आम्ही हो म्हणेपर्यंत तू फिट आहेस" असं म्हणू शकत नाही. कलम बदलून घ्यायचं असेल तर 'पूर्वपरवानगी'च्या जागी 'कळवणे आणि २४ ते ४८ तासांत दाखला देणे' एवढं मागा. बहुतेक ठिकाणी ते मान्य होतं.

परदेशी पोस्टिंगवर वैमानिक सर्वाधिक फसतात ते दोन साध्या दुखण्यांत.

पहिलं, सर्दी. विमान उंचावर स्थिर उडत असताना केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा असतो. चढताना मध्यकर्णातली हवा प्रसरण पावून आपोआप बाहेर पडते. उतरताना ती आत यायला हवी, पण सुजलेली युस्टेशियन नळी झडपेसारखी बंद होते. नाक दाबून जोर लावला की कधी उघडते. नाही उघडली तर दुखणं, पडद्यामागे रक्त, क्वचित चक्कर. तीही ॲप्रोचवर, म्हणजे उतरायच्या ऐन टप्प्यात. चाचणी सोपी आहे: जमिनीवर उभं राहून नाक दाबून हलका व्हॅल्साल्व्हा करा, दोन्ही कान 'टक' करून उघडले नाहीत तर उडू नका. आणि हे लक्षात ठेवा की कान बंद असताना प्रवासी म्हणून घरी परतणंही तितकंच वाईट. "आजारी आहेस ना, मग संध्याकाळच्या विमानाने मुंबईला पाठवतो" हा क्रू कंट्रोलचा प्रेमळ प्रस्ताव कानाच्या दुखण्यात नाकारा, आणि 'हवाई प्रवास करू नये' असं डॉक्टरच्या दाखल्यावर स्पष्ट लिहून घ्या.

इथे औषधांचा घोळ होतो. सर्दीच्या नेहमीच्या गोळीच्या पट्टीवर क्लोरफेनिरामिन लिहिलेलं असतं. झोप आणणारं अँटिहिस्टामिन. परदेशात काउंटरवर मिळणाऱ्या 'नाइट' गोळ्यांमध्ये डायफेनहायड्रामिन असतं. अमेरिकेच्या एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा) ठोकताळा वापरायला सोपा आहे: दोन डोसांमधलं जे कमाल अंतर लिहिलेलं असेल त्याच्या पाचपट थांबा. दर चार ते सहा तासांनी घ्यायची गोळी असेल तर ६ गुणिले ५, म्हणजे शेवटच्या डोसनंतर ३० तास. डायफेनहायड्रामिनला त्यांनी ६० तास दिलेत. आणि आजारही गेलेला हवा, नुसते तास मोजून भागत नाही.

खोकल्याच्या सिरपमध्ये अल्कोहोल आहे का ते बाटली उलटी करून वाचा. माउथवॉश, काही टॉनिकं, टूथ जेल, हे सगळं सीएआरमध्ये नाव घेऊन टाळायला सांगितलंय. आपल्याकडे मर्यादा शून्य आहे आणि परदेशातून सुटलेल्या फ्लाइटची तपासणी भारतात उतरल्यावर होते. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. सिरप होतं हे सांगून सुटका होत नाही.

दुसरं, पोट. उड्डाणात वैमानिक अचानक अक्षम होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हृदय नव्हे, पोट. जुलाब थांबवायची गोळी घेऊन उडणं म्हणजे लक्षण झाकणं. शेवटच्या जुलाबानंतर पूर्ण दिवस नीट खाऊन-पिऊन जाऊ द्या.

आणि थकव्याला 'सिक' म्हणू नका. झोप झाली नाही, सलग रात्रींनी माणूस पिळून निघाला, तर त्यासाठी फटीग रिपोर्ट आहे. २०२४ च्या सीएआरनंतर एअरलाइन्सना दर तिमाहीला फटीग रिपोर्टचं विश्लेषण डीजीसीएला द्यावं लागतं. तुम्ही सिक टाकलंत की तो आकडा तिथे दिसतच नाही, आणि रोस्टर जसंच्या तसं राहतं. 'फटीग टाकला की प्रश्न विचारतात' हे ऐकून आहे. विचारू देत. उत्तरात मागच्या ७२ तासांतली झोप तासांत लिहा, बाकी काही नको.

---

शिकागोकर

अमेरिकेतली पद्धत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल.

इथे जागा सीनिऑरिटीने भरतात. वरून कोणी मागितली नाही तर खालून भरतात, म्हणजे सर्वांत ज्युनियरला जावंच लागतं. फरक एवढाच की किती दिवस, किती वेळा, घरी कधी आणायचं, हॉटेल की भाडं, हे सगळं करारात आधीच छापलेलं असतं. हे कलम किती महत्त्वाचं ते कोविडमध्ये दिसलं: हाँगकाँगचे क्वारंटाइन नियम इतके कडक झाले की फेडएक्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथला क्रू बेस बंद करून वैमानिकांना अमेरिकेत हलवायचा निर्णय घेतला. ज्यांच्या करारात परतीची तरतूद असते त्यांना अशा वेळी भीक मागावी लागत नाही.

वाद झाला तर तत्त्व एकच: आधी उड, मग तक्रार कर. नेमणूक करारबाह्य वाटली तरी जायचं, ग्रीव्हन्स (लेखी तक्रार) टाकायचा, लवाद ठरवेल. अपवाद फक्त सुरक्षेचा. आणि फिटनेसबाबत नियम तुमच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितला तसाच: एफएएच्या ६१.५३ नियमाखाली तब्येत बिघडलेली असताना उडायला मनाई आहे, आणि त्यांच्याच नियमांच्या भाग ११७ खाली प्रत्येक फ्लाइटला 'मी फिट आहे' असं डिस्पॅच रिलीजवर (उड्डाणाच्या परवानगीपत्रावर) नोंदवावं लागतं. खोटं नोंदवलं तर जबाबदारी सही करणाऱ्याची, कंपनीच्या डॉक्टरची नव्हे.

सामूहिक सिकबद्दल: फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी रिनो एअरच्या खरेदीवरून हेच केलं. कोर्टाचा आदेश आल्यावरही सिक कॉल चालू राहिले म्हणून न्यायालयाने त्यांच्या संघटनेला ४ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले.

कुटुंबातल्या आजारपणासाठी इथे वेगळी रजा आहे. फ्लाइट क्रूला पात्रतेसाठी आधीच्या १२ महिन्यांत ५०४ तास ड्युटी आणि मासिक हमीच्या तासांपैकी ६० टक्के. मिळतात ७२ दिवस. आपल्याकडच्या पत्रात हे वेगळं मागून घ्या. आई-वडील हॉस्पिटलमध्ये असताना स्वतःच्या नावाने सिक टाकायची वेळ येते ती अशी तरतूद नसते म्हणूनच.

---

राइट_सीट

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र पुन्हा वाचलं. एओसी आपल्याच कंपनीचं आहे, व्हीटी नोंदणी, डॅम्प लीज. होम बेसबद्दल एक अक्षर नाही. करारात 'भारतात किंवा परदेशात' आहे. म्हणजे सरळ नकाराला आधार नाही असं दिसतं. मग उत्तर कसं लिहू? आणि टॅक्सचं काय?

---

कायदेकानू

इंग्रजीत, एका पानात, नकाराचा सूर न लावता. पहिल्या वाक्यात पत्र मिळाल्याची पोच आणि 'माझे हक्क अबाधित ठेवून' नेमणूक स्वीकारतो हे. मग प्रश्न. होम बेस मुंबईच राहील याची पुष्टी द्या. ९० व्या दिवसाची तारीख लिहा, आणि मुदतवाढ माझ्या लेखी संमतीनेच होईल हे लिहा. किती दिवस ड्युटीवर, किती दिवस मुंबईत, त्याचा पॅटर्न द्या. सिक लीव्हचं कलम डॉक्टरसाहेबांनी सुचवलेल्या शब्दांत बदला. आजारी असताना हॉटेल आणि दैनिक भत्ता चालू राहील का? घरच्या आणीबाणीत परत आणण्याची जबाबदारी कोणाची? लायसन्स गमावल्याचा विमा आणि आरोग्य विमा त्या देशात चालतो का, युद्धजन्य परिस्थिती वगळलेली आहे का? शेवटचा प्रश्न आखातात जाणाऱ्याने तर विचारायलाच हवा. २३ जून २०२५ ला कतारने अचानक हवाई हद्द बंद केली तेव्हा जो जिथे होता तिथेच अडकला.

उत्तराला सात दिवसांची मुदत मागा आणि मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवा. कंपनीचं मेलबॉक्स निलंबनाच्या दिवशी सगळ्यात आधी बंद होतं.

ग्रुपवर मात्र काहीही लिहू नका. 'मीही सिक टाकतो'वर ठेवलेला अंगठासुद्धा वाचला जातो.

टॅक्स थोडक्यात: आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या विमानावरच्या पगारावर साधारणपणे एअरलाइनचं व्यवस्थापन ज्या देशात आहे तिथे कर लागतो, दुहेरी कर टाळण्याच्या बहुतेक करारांत तसं कलम आहे. पण तुम्हाला त्या देशातल्या देशात डोमेस्टिक सेक्टर लावले तर ते 'आंतरराष्ट्रीय' राहत नाहीत, आणि तो देश आपला हिस्सा मागू शकतो. म्हणून सेक्टर कोणते ते आधी विचारा. पीएफबाबत, जर्मनी, नेदरलँड्स, जपान अशा करार असलेल्या देशात जात असाल तर ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट कंपनीने काढून द्यायला हवं, नाहीतर तिथेही वर्गणी कापतील. आखाती देशांशी असा करार नाही.

---

रोस्टरवाला

दोन तारखा त्या मेलमध्ये घालायला विसरू नका: तुमच्या मेडिकलची एक्स्पायरी आणि पुढच्या पीपीसीची (उड्डाण-कौशल्य चाचणीची) तारीख. डीजीसीएचा एक्झामिनर किंवा सिम्युलेटर स्लॉट त्या गावात मिळेलच असं नाही. ९० दिवसांच्या आत दोन्हींपैकी काही संपत असेल तर कंपनीला तुम्हाला मधे मुंबईला आणावंच लागतं, आणि ते आधीच कळवलेलं असेल तर यादीत तुमच्याऐवजी पुढचं नाव घेणं आम्हालाच सोयीचं पडतं.

व्हिसाही बघा. क्रू म्हणून जनरल डिक्लेरेशनवर (फ्लाइटच्या क्रू-यादीच्या कागदावर) जाणं लेओव्हरपुरतं, म्हणजे दोन फ्लाइटमधल्या मुक्कामापुरतं असतं. तीन महिने राहून तिथून फ्लाइट करायच्या तर बहुतेक देशांत वर्क परमिट किंवा रेसिडेन्सी लागते. "आधी या, मग करू" असं कोणी म्हटलं तर इमिग्रेशनच्या काउंटरवर तुम्ही उभे असणार, ते नाही.

---

कानाचा_डॉक्टर

मेडिकलच्या तारखेला एक जोड. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी नव्याने सुरू झाली असेल तर ते लपवून परदेशात जाऊ नका. नवीन औषध म्हणजे काही काळ तात्पुरतं अनफिट, मग पुन्हा तपासणी. हे मुंबईत घरी राहून होतं तेव्हा सोपं. तिथे निघालं तर अनफिट होऊन हॉटेलात बसाल आणि भत्ता चालू आहे का यावर मेल लिहीत राहाल.